डाव्या हाताची शपथ

बिबवेवाडीतल्या निम्म्या घरांत आज काय शिजलं, कुणाकडे पाहुणे येऊन राहिलेत, कुणाचे आईवडील एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळं वाघमारेताईंना माहीत असायचं. त्यांतल्या बहुतेक घरांचा उंबरा त्यांनी कधी ओलांडलेला नव्हता. त्यांना हे सांगायचो आम्ही मुलीच, महापालिकेच्या मैदानावरच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर, डाव्या हातानं बॉल आपटत, ड्रिबल करता करता.

त्यांची शिकवायची रीतच तशी होती. एकेकीला समोर उभी करायच्या.

"हं, सुरू कर. डावा. मान वर, माझ्याकडे बघ. आज भाजी काय होती?"

"दोडका."

"मग? वडील काय म्हणाले?"

इथं बॉल पायावर आपटून पार जाळीपर्यंत जायचा.

"जा, आण," ताई म्हणायच्या. "दोडक्यावरून वाजलेलं दिसतंय."

बॉलकडे बघणाऱ्या मुलीला मॅच दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हाताला एकट्यानं काम करायची सवय लागली पाहिजे, म्हणजे डोकं मोकळं राहतं. आणि हात एकटा काम करतोय की नाही, हे बघायचं तर डोक्याला दुसरीकडे गुंतवायला हवं. म्हणून हे प्रश्न. बॉल कसा चाललाय हे त्या कधीच विचारत नसत. भाजी विचारत, शेजारीण विचारत, शाळेतल्या बाई विचारत.

ताई टेलिफोन खात्यात कारकून होत्या. तरुणपणी राज्याच्या संघातून खेळल्या होत्या आणि त्या खेळावरच नोकरी मिळाली होती. ऑफिस सुटलं की बसनं थेट मैदानावर यायच्या. अंगावर ऑफिसचीच सुती साडी, निऱ्या जरा वर खोचलेल्या, पायांत पांढरे मोजे आणि कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मला आठवत नाही. "माणसाला नावं कशाला ठेवलीत मग?" म्हणायच्या. नवीन पालक आले की बास्केटबॉलवाल्या बाई म्हणजे कुणीतरी उंच असणार म्हणून मान वर करून शोधायचे. ताई त्यांच्या खांद्याखाली उभ्या असायच्या. "उंच लोकांना बॉल मी नेऊन द्यायचे," त्या सांगायच्या, "नाहीतर ते नुसतेच उंच."

बॉलवर तळवा मारलेला त्यांना खपायचा नाही. आमच्याकडे पाठ करून बुटाची नाडी बांधत असल्या तरी आवाजावरून ओळखायच्या. "कोण भाकरी थापतंय तिकडं?" मग उठून यायच्या, मुलीचं मनगट हातात घ्यायच्या. "बोटांनी खाली ढकल. वर येताना त्याला घ्यायला पुढं जा. पाहुणा दारात आला की आपण उठतो ना? तसं." हे सांगताना त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. एरवी तो मऊ नसायचा.

डावा हात सुधारावा म्हणून त्यांनी आम्हाला घरची कामंही डाव्या हातानं करायला लावली होती. कुलूप लावणं, केस विंचरणं, कढईत डाव फिरवणं. मी मन लावून करत होते. एकदा संध्याकाळी आईनं देवापुढची घंटी हातात दिली आणि ती मी डाव्या हातानं वाजवली. आमचं घर मूळचं पेठेतलं, बिबवेवाडीत फ्लॅट घेऊन आलेलं; आई तिच्या रीतीभाती ट्रंकेत घालून बरोबर घेऊन आली होती. ती दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर मैदानावर आली.

"अहो, तुम्ही हिला घंटी डाव्या हातानं वाजवायला सांगितलीत?"

"नाही हो. देवाला उजवा द्या," ताई म्हणाल्या. "मला डावा पुरे."

आईला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं. घरी येताना तिनं विचारलं, "वाघमारे म्हणजे कुठले गं?" मी म्हटलं, इथलेच. तिला जे विचारायचं होतं ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिला. त्या दोघी पुढं बरीच वर्षं रस्त्यात भेटल्या की थांबून बोलायच्या. घरी या असं मात्र आई ताईंना कधी म्हणाली नाही. मीही आईला कधी त्याबद्दल बोलले नाही.

डाव्या हाताची शपथ ही गोष्ट मैदानावर सुरू झाली ती रेखामुळं. रेखा अबोल होती. तिचे वडील पिठाची गिरणी चालवायचे. एकदा ताई तिला पुढच्या वर्षीच्या संघाविषयी काहीतरी विचारत होत्या, आणि ती "हो ताई, खेळीन ना" म्हणाली तोच बॉल तिच्या हातातून निसटला. परत विचारलं, परत निसटला. मग ती कोर्टवरच खाली बसून रडायला लागली. दहावी झाली की तिला मावशीकडं पाठवून लग्न लावून देणार होते.

ताई दुसऱ्या दिवशी मैदानावर येण्याआधी गिरणीत गेल्या. आम्ही दोघी-तिघी मागं मागं गेलो होतो.

"काय दळायचंय, बाई?"

"काही नाही. बसलेय."

आणि त्या पोत्यावर बसल्या, मांडीवर बॉल घेऊन. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. भांडल्या नाहीत, समजावलं नाही. मैदानावर यायच्या तेव्हा साडी, केस, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि त्या तशाच शिकवायच्या. शेवटी रेखाचे वडील म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक हसतंय हो. न्या तिला, खेळवा, शिकवा, काय करायचं ते करा." रेखा पुढं नर्स झाली.

त्यानंतर ताईंनी मनाशी पक्कं धरलं की डाव्या हातानं ड्रिबल करताना माणसाला खोटं बोलता येत नाही. तोंड खोटं बोललं की हात चुकतो. मैदानावर तो कायदाच झाला. कुणाची पाण्याची बाटली हरवली, कुणी कुणाला काही बोललं, की दोघींना उभ्या करायच्या: "डाव्या हातानं सांगा." आणि खरंच, बॉल कुणाच्या तरी हातून सुटायचा. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावणाऱ्या, नवससायास, अंगारे-धुपारे यांना हसणाऱ्या बाई; पण या एका गोष्टीवर त्यांची श्रद्धा होती.

ती श्रद्धा चुकीची आहे हे मला पंधराव्या वर्षी कळलं. मावसबहिणीबरोबर सिनेमाला गेले म्हणून सराव बुडवला होता. ताईंनी उभं केलं. "काल का नव्हतीस?" मी म्हटलं, ताप होता. बॉल माझ्या बोटांखाली वर-खाली होत राहिला, एकदाही न अडखळता. "डॉक्टरकडे गेलीस?" "हो." "काय म्हणाले?" "विश्रांती घ्या म्हणाले." बॉल चालूच. ताईंनी सगळ्यांना हाक मारली. "बघा गं, हिचा हात तयार झाला." खरं सांगते, मला त्या दिवशी अपराधी वाटलं नाही. अभिमान वाटला. हाताला एकट्यानं काम करायला शिकवा, असं त्याच सांगत होत्या, आणि माझा हात ते शिकला होता. डोकं मोकळं होतं. त्या मोकळेपणाचं काय करायचं ते डोक्यानं ठरवलं.

बारावीनंतर माझा खेळ सुटला. इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न. ताई भेटायच्या त्या रस्त्यात किंवा त्यांच्या ऑफिसात. मोबाइल आल्यावर खात्यानं त्यांना लँडलाइन परत करायला येणाऱ्यांच्या खिडकीवर बसवलं होतं. "आधी फोन लवकर मिळावा म्हणून लोक माझ्या ओळखी काढायचे," म्हणाल्या, "आता परत घ्या म्हणून भांडतात. फोन तोच आहे गं." मैदानावर मुली कमी झाल्या होत्या. क्लास असतो म्हणतात, त्या सांगायच्या. कुठलातरी क्लास असतोच.

त्यांची मुलगी प्रज्ञा मात्र खेळायची, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन बाहेर पडली तेव्हा खराडीत आमच्या कंपनीत जागा होत्या. मी शब्द टाकला, ती लागली, आणि माझ्याच टीममध्ये आली. ताईंनी माझ्या घरी पेढे आणून दिले. तेव्हा आई नव्हती राहिली.

मग अमेरिकेतल्या बँका कोसळल्या. आमचं काम तिकडचंच होतं. रोज कुणाला तरी कामावरून काढायचे, आणि त्याच्या टेबलावरचे फोटो, कुंडी, कॉफीचा मग उचललेले दिसायचे. अशाच दिवसांत एका दुपारी गेटवरच्या रखवालदाराचा फोन आला: वाघमारे म्हणून बाई आल्यात.

"प्रज्ञाला बोलावू का, ताई?"

"नको. तिला माहीत नाही मी आलेय. काम तुझ्याकडे आहे."

कॅन्टीनमध्ये चहा घेतला. कागदी कप त्यांनी फिरवून पाहिला. "एवढी मोठी कंपनी, आणि कप एवढुसा?" मग सांगायला लागल्या. प्रज्ञाला रेल्वेचं बोलावणं आलं होतं, खेळाडू म्हणून. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"ती म्हणते, आई, चिल, तुझं खातंच बघ की. सरकारी नोकरीचं तू मला काय सांगतेस? आता मी काय बोलणार? रोज खिडकीवर बसून बघतेच आहे. पण पेपरात वाचते, तिकडं बँका बुडाल्या. म्हटलं, शुभाला विचारावं. तुझ्या हाताखाली आहे ती. राहील ना गं तिची नोकरी इथं?"

"राहील की, ताई. काळजी कशाला करता?"

त्यांनी कप बाजूला सारला. "असं नको. तोंडानं सगळेच बोलतात. चल."

आमच्या इमारतीमागं, पार्किंगच्या कडेला, कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी म्हणून एक रिंग लावलेली होती. खाली बॉल पडलेला होता. ताईंनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला. "हवा कमी आहे. चालेल." आणि माझ्याकडे टाकला. मी सँडल काढल्या. फरशी तापलेली होती.

"डावा. मान वर. माझ्याकडे बघ. राहील तिची नोकरी?"

वरून माझ्याकडे कमी करायची दोन नावं मागितली होती. ती मी त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच दिली होती. वरच्यांनी ठरवलं, माझ्या हातात काय होतं, असं मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. पण नावं मी दिली होती, आणि दुसरं नाव प्रज्ञाचं होतं. टीममध्ये सगळ्यांत नवी तीच होती. ओळखीची म्हणून तिला वाचवलं असं कुणी म्हणू नये, हीही भीती होती. बाहेर बोललं तर काय होतं तेही समोर घडलेलं होतं. आमच्याच मजल्यावरच्या एकानं मित्राला आगाऊ सांगितलं, तर त्या मित्राच्या आधी तोच घरी गेला. माझ्या घराचे हप्ते होते, मुलगा लहान होता. हे सगळं खरं आहे, आणि यातल्या कशालाच आज वजन नाही.

हवा कमी असलेला बॉल नीट वर येत नाही, त्याला जास्त जोर लावावा लागतो. माझ्या हातानं तो जोर आपोआप लावला. मला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. बॉल सोडून द्यायचा, पायावर आपटू द्यायचा, एवढंच. ताईंना त्यावरून सगळं समजलं असतं. मी मनात म्हणत होते, सुट, आता तरी सुट. हात ऐकेना. त्यांनीच तो इतका पक्का करून ठेवला होता.

"राहील, ताई."

"बस." त्यांनी हात पुढं केला, मी बॉल दिला. त्यांचा चेहरा सैल झाला होता. "हात विसरली नाहीस हं," म्हणाल्या. माझ्या सँडल त्यांनी पायानंच माझ्याकडे सरकवल्या, आणि बस गाठायची म्हणून लगबगीनं गेल्या.

प्रज्ञानं रेल्वेला नकार कळवला.

दिवाळीच्या आधी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. एचआरचा माणूस बोलत होता, मी त्याच्या शेजारी बसले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. सही केली. मग उठताना मला म्हणाली, "आईला मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

तिनंच सांगितलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"शुभे, जेवलीस का?"

"ताई..."

"अगं, तुला तरी काय माहीत असणार? वरचे लोक सांगतात का कुणाला? मनाला लावून घेऊ नकोस. ही काय, खेळणारी मुलगी आहे, बघेल काहीतरी." मागून प्रज्ञाचा आवाज आला, "आई, ठेव फोन." ताई हळूच म्हणाल्या, "रागावलीय जरा. होईल शांत."

मी न राहवून पुढच्या रविवारी बिबवेवाडीला गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले होते. प्रज्ञा जिन्याखालीच भेटली, स्कूटर पुसत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आई तुमच्याकडे आली तेव्हा?"

"त्याच्याही आधीपासून."

तिनं फडकं पिळलं. "मी तिला रोज सांगते, की शुभदाताईला माहीत होतं. ती माझ्याशी भांडते. शुभानं डाव्या हातानं सांगितलंय म्हणते. तुमच्यासाठी भांडते ती, माझ्याशी."

"मी वर जाऊन सांगते त्यांना."

"कशाला?" तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला हलकं वाटेल. तिचं काय? एवढ्या पोरींच्या बापांशी भांडली ती, गिरणीत जाऊन बसली, ते सगळं त्या एका गोष्टीवर विश्वास ठेवूनच ना? ते खोटं होतं, असं आता रिटायर व्हायच्या वयाला कळू दे तिला? नाही. वर जा, चहा प्या, आणि या. बाकी काही बोलू नका. प्लीज."

मी वर गेले. ताईंनी कांदाभजी केली होती. मी ती खाल्ली, चहा घेतला. त्या नव्या मुलींबद्दल बोलत होत्या, एकीचं मनगट फार ताठ आहे म्हणून. मी हं, हं म्हणत राहिले. निघताना त्यांनी उरलेली भजी डब्यात भरून दिली, मुलाला ने म्हणून.

प्रज्ञाचं रेल्वेत लागायचं वय पुढं निघून गेलं. दोन-तीन नोकऱ्या झाल्या, एकही टिकली नाही. शेवटी लोणी काळभोरला एका कॉलेजात खेळ शिकवायचं कंत्राटी काम मिळालं, दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा. मी मधून काही सुचवायला फोन केला की ती नम्रपणे "बघते, ताई" म्हणायची. ताई मात्र नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या, हे मला बाहेरून कळायचं. दर दिवाळीला मी फोन करायचे.

ताई गेल्या. प्रज्ञाचा दोन ओळींचा मेसेज आला. मी गेले, मागं उभी राहिले, परत आले. तिनं घातलेली अट ताईंबरोबर संपली असं धरून मी हे लिहिते आहे. तिला विचारलेलं नाही.

त्याआधी ताई मला शेवटच्या दिसल्या त्या सोलापूर रस्त्यावर, हडपसरच्या सिग्नलला. उन्हाळा होता, मी गाडीत काचा लावून बसले होते. पुढं प्रज्ञाची स्कूटर उभी होती आणि मागच्या सीटवर ताई; त्यांच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या पिशव्यांतले बॉल लोंबत होते. निवृत्तीनंतर त्या प्रज्ञाबरोबर लोणीला जायच्या, तिच्या मुलींना शिकवायला. सहज मागं वळल्या आणि त्यांना मी दिसले. चेहरा एकदम उजळला. त्यांनी प्रज्ञाच्या खांद्यावर थोपटून तिला सांगितलं. प्रज्ञानं आरशात पाहिलं. तिचे डोळे मला दिसले. ती वळली नाही.

ताई हातवारे करून मला काहीतरी सांगत होत्या. बराच मोठा मजकूर होता, मध्येच हसत होत्या, लोणीच्या दिशेला हात करत होत्या. काच लावलेली असल्यानं एक शब्द ऐकू येत नव्हता. काच खाली करायचं बटण माझ्या बोटाशीच होतं. मी मान हलवली, हो, हो म्हणून. ताईंचं समाधान झालं. त्या पुढं वळल्या, प्रज्ञाच्या कमरेला एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं पिशव्या सावरल्या, आणि सिग्नल सुटला.